छऱ्याची बंदूक घेताय? आखूड कार्बाइन सोडून लांब रायफल कशी निवडावी

दुकानातल्या काचेच्या कपाटात दोन छऱ्याच्या बंदुका शेजारी शेजारी उभ्या असल्या की नव्या माणसाचा हात हमखास आखूड बंदुकीकडे जातो. ती काळी कुळकुळीत, तोंडाशी जाड नळकांडं लावलेली, सिनेमातल्या कमांडोच्या हातात शोभेल अशी. शेजारची लांब, लाकडी दस्त्याची म्हणजे थेट जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ती. मीही आखूडच उचलली होती. पहिल्या रविवारी वीस छरे मारून झाल्यावर उजवा दंड भरून आला, आणि वीसपैकी किती कागदावर लागले ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. पुढे ती निम्म्या किमतीत विकली आणि जत्रेतली वाटणारी ती लांब रायफल घेतली. तुमचा तेवढा वळसा वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

बोलतोय ते नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून भरायच्या, स्प्रिंगच्या .177 बंदुकीबद्दल. आपल्याकडे विरंगुळ्यासाठी बंदूक घेणारा बहुतेक माणूस हीच घेतो. अंतर दहा मीटर, समोर कागद नाहीतर रिकामा डबा.

पायरी 1 : आधी कायदा, मग किंमत

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 इंचापर्यंतचा बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .22 ची एअर रायफल घेतलीत की बोअर साडेपाच मिलिमीटर होतो आणि परवान्याचा विषय येतो. म्हणून दुकानदार ".22 घ्या साहेब, दणका जास्त" म्हणाला तर हात जोडा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोअर व मॉडेल लिहून घ्या. बंदूक कुठे नेताना कुणी विचारलं तर तो कागदच कामाला येतो.

दुसरी गोष्ट एकदाच सांगतो. होला, साळुंकी, झाडावरची खार यांच्यावर छरा झाडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'लहानपणी आम्ही मारायचो' हे तिथे चालत नाही.

पायरी 2 : दुकानातच दहा वेळा भरून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक गाळतात. एकदा नळी मोडून बघतात, 'जमतंय की' म्हणतात आणि पैसे मोजतात.

या बंदुकीत नळी हाच तरफेचा दांडा. नळी खाली ओढली की आतला पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. हापशाचा दांडा टोकाला धरून मारा आणि मग मध्यावर धरून मारा. पाणी तेवढंच येतं, पण दुसऱ्या वेळी खांदा बोलायला लागतो. इथेही तेच. समजा 45 सेंटिमीटरच्या नळीला टोकाशी 12 किलोचा जोर लागतो. बाकी सांधा तसाच ठेवून नळी 30 सेंटिमीटरची केली तर तीच स्प्रिंग 18 किलो मागेल. एकदा भरायला 18 किलो काहीच नाही. पण दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत पात्रता फेरी 60 गोळ्यांची असते. स्पर्धेच्या बंदुका कोंडलेल्या हवेवर चालतात, त्यामुळे त्या खेळाडूंना हा व्यायाम नसतो. तुम्ही मात्र सकाळच्या निवांत तासात 60 नाही तरी 40 छरे सहज माराल, आणि थरथरत्या हाताने नेम धरता येत नाही. माझे ते वीस छरे कागदाबाहेर का गेले, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

तेव्हा दुकानदाराची परवानगी घेऊन दोन्ही बंदुका दहा-दहा वेळा भरा. दर वेळी रिकामी बंदूक झाडू नका. छरा नसताना पिस्टन हवेच्या उशीशिवाय पुढे जाऊन आदळतो, त्याने सील आणि स्प्रिंग खराब होते. बऱ्याच बंदुकांत नळी हाताने घट्ट धरून खटका दाबला की ती हळूहळू परत सोडता येते. ते दुकानदारालाच करू द्या, आणि तो कसा करतो ते नीट बघा. एखाद्या मॉडेलमध्ये ते होतच नसेल तर निदान तीन-चारदा भरून, पोत्यात छरा मारून रिकामी करायची सोय मागा.

नळी उघडी असताना छरा बसवायला बोटं जिथे जातात, तिथेच ती नळी मिटते. खटका निसटला तर बोट जातं. म्हणून छरा बसवताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. हाताला लांब नळी असली की ती धरायला जागाही जास्त मिळते, हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

पायरी 3 : माशी किती लांब आहे ते मोजा

नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा छोटा उंचवटा) आणि मागची खाच यांतलं अंतर टेपने मोजा. मोडायच्या बंदुकीत ते साधारण नळीएवढंच भरतं. आता थोडा हिशेब. नेम धरताना माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली असं धरा. अर्धा मिलिमीटर म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढं. अंतर 45 सेंटिमीटर असेल तर दहा मीटरवर छरा 11 मिलिमीटर बाजूला जातो. अंतर 30 सेंटिमीटर असेल तर जवळजवळ 17.

रुपयाचं नाणं कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढा. 2011 च्या मालिकेतल्या नाण्याचा व्यास सुमारे 22 मिलिमीटर आहे, म्हणजे मध्यापासून कडा 11 मिलिमीटरवर. तीच चूक करून लांब बंदुकीचा छरा गोलाच्या कडेला शिवेल आणि आखूड बंदुकीचा गोलाला न शिवता बाहेरून निघून जाईल. चूक माणसाचीच, बंदूक फक्त ती किती मोठी करून दाखवायची ते ठरवते. (खऱ्या नाण्यावर छरा मारू नका. तो उलटून तुमच्याच अंगावर येतो.)

चाळिशी लागलेल्यांना आणखी एक कारण आहे. नेम धरताना नजर माशीवर स्थिर ठेवायची असते. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही आणि आखूड बंदुकीची माशी नेमकी जवळ असते. लांब नळीची माशी पंधरा सेंटिमीटर पुढे गेली की पुष्कळांना ती चष्म्याशिवाय टोकदार दिसायला लागते. माझ्या बाबतीत तरी हाच फरक सगळ्यात मोठा ठरला.

दुर्बीण लावणार असाल तर हा सगळा हिशेब बाद होतो. पण स्प्रिंगची बंदूक पुढे आणि मागे असे दोन्ही धक्के देते, त्यात स्वस्तातली साधी दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होते. एअरगनसाठी म्हणून बनवलेलीच घ्या, किंवा पहिले सहा महिने माशीवरच काढा.

पायरी 4 : 'लांब नळी म्हणजे जास्त जोर' हे विसरा

लांब रायफलीची बाजू घेणारेच इथे थापा मारतात, म्हणून आपल्याच पक्षाचं खोडून काढतो. स्प्रिंगच्या बंदुकीत हवेचा झटका एकदाच बसतो. पहिल्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्येच छऱ्याला जवळजवळ सगळा वेग मिळालेला असतो. पुढची नळी त्याला ढकलत नाही, उलट थोडी घासते. त्यामुळे एकाच यंत्रावर लांब आणि आखूड नळी बसवली तर डबा दोन्हींनी सारखाच फुटेल. खरं म्हणजे छरा नळीतून जितक्या लवकर बाहेर पडेल तितका हात हलायला वेळ कमी, हा गुण आखूड नळीच्या पदरात टाकावाच लागतो.

कोंडलेल्या हवेच्या बंदुकीचं गणित वेगळं. तिथे हवा छऱ्याच्या मागे लागून ढकलत राहते, लांब नळीला थोडा जास्त वेग मिळतो. बारुदाच्या बंदुकीतही बहुधा तसंच.

यातली गंमत स्पर्धेच्या रायफलीत दिसते. दहा मीटरच्या स्पर्धेतली एअर रायफल केवढी लांब दिसते, पण तिची खरी नळी साधारण 42 सेंटिमीटरच असते. पुढे पोकळ नळकांडं जोडून माशी लांब नेलेली असते. छऱ्याला आखूड वाट, डोळ्याला लांब रेघ. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रांनी सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते 50 मीटरच्या .22 रायफलवर, पण लांब रेघेचं तत्त्व तिथेही चुकलेलं नाही.

दुकानातल्या कार्बाइनच्या तोंडाशी असलेलं जाड नळकांडं बघताना हे लक्षात ठेवा. ते धरून नळी ओढता येत असेल आणि माशी त्याच्या टोकावर असेल तर ती बंदूक दिसते तेवढी आखूड नाही, आणि वाईटही नाही. नुसतं शोभेचं प्लॅस्टिक असेल, हाताने हललं, तर पैसे दिसण्याचे चाललेत.

पायरी 5 : अंगाला लावून बघा

बंदुकीचा दस्ता कोपराच्या आतल्या घडीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर खटक्यावर आरामात आलं पाहिजे. मग भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर उभ्याने माशी धरा आणि मनात तीसपर्यंत मोजा. बंदूक अर्थातच रिकामी, आणि समोर माणूस नसलेली भिंत बघून.

साधारण तीन-सव्वातीन किलोच्या लांब रायफलीचं वजन पुढे असतं. ती सावकाश डुलते, आणि सावकाश डुलणाऱ्या माशीला ठिपक्यावर गाठता येतं. आखूड, हलकी बंदूक डासासारखी भिरभिरते. पण पंचविसाव्या आकड्याला तुमचा डावा हात खाली यायला लागला तर लांब बंदूक तुमच्यासाठी जड आहे; दोनशे ग्रॅम हलकं मॉडेल बघा, हट्ट करू नका.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवायचं असेल तर आखूड आणि मऊ स्प्रिंगची बंदूकच बरी, बंदूक मात्र तुमच्या ताब्यात आणि तुम्ही शेजारी उभे. मुलाला खरंच गोडी लागली तर घरच्या बंदुकीवर थांबू नका, बालेवाडीसारख्या ठिकाणच्या रेंजवर प्रशिक्षकाकडे न्या. बसून किंवा जीपमध्ये घेऊन फिरायचं म्हणून कार्बाइन हवी असं काही जण सांगतात. कागदावर नेम मारणाऱ्याला जीप कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

पायरी 6 : पहिले शंभर छरे

दोन-तीन प्रकारच्या छऱ्यांच्या डब्या आणा. दहा मीटरसाठी सपाट तोंडाचे छरे घ्या. ते कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडतात, मोजायला सोपं. प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच छरे एकाच ठिपक्यावर मारा आणि पाचही कुठे दाटीने पडतात ते बघा. मध्यावर पडले की नाही ते पुढे खाच फिरवून जुळवता येतं. एकाच बंदुकीला एक छरा मानवतो, दुसरा नाही.

लांब बंदूक पुढच्या बाजूला मुठीत आवळून धरू नका. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर ती नुसती पडू द्या. स्प्रिंग सुटताना बंदूक हलतेच, तिला दर वेळी सारखंच हलू दिलं की छरे एका जागी येतात. टेबलाच्या कडेवर किंवा विटेवर टेकवून मारलंत तर चांगली रायफलही वेडीवाकडी वागते, आणि मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात.

मागे काय ठेवायचं? लाकडी खोकं, त्यात गच्च दाबून भरलेल्या चिंध्या आणि जुनी वर्तमानपत्रं, पाठीला जाड फळी. पलीकडे गल्ली, शेजाऱ्यांची गच्ची किंवा झाड असेल तर तिथे मारायचंच नाही. चुकलेला छरा काही शे मीटर जातो. डोळ्यांना गॉगल, बघणाऱ्यांच्याही. छरे शिशाचे असतात, ते तोंडात धरायचे नाहीत, आणि झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही.

लांब रायफलीचा एक त्रास मात्र खरा आहे. माझी एक मीटर बारा सेंटिमीटरची आहे, ती आमच्या कपाटाच्या कुठल्याच कप्प्यात उभी राहत नाही. म्हणून घेण्याआधी घरातली जागाही टेपने मोजा. माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवणं चालणार नाही, सुट्टीत पोरं तिथेच चढतात. सुताराकडून भिंतीला लागून सव्वा मीटर उंचीचं, पाच इंच खोलीचं कुलपाचं कपाट करून घ्या. बंदूक आत ठेवताना स्प्रिंग सुटलेली, नळी रिकामी. छऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत, आणि किल्ली तुमच्या खिशात.