५डी मार्क २ की ७डी? जुना डीएसएलआर निवडायची रीत

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरायच्या आधी मोबाइलची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो शोधा. चांगले आलेले नकोत, ते मोबाइलनेही येतातच. फसलेल्यांचे तीन ढीग करा: लांबचं जवळ न आलेलं, हललेलं आणि अंधारात रवाळ झालेलं. ज्या ढिगात सगळ्यात जास्त फोटो असतील, तो ढीग लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांचं गाडं बहुतेक वेळा मेगापिक्सेलवर अडतं. म्हणून उदाहरणाला मी मुद्दाम असे दोन कॅमेरे घेतोय, ज्यांच्यात मेगापिक्सेल पाहून काहीच ठरत नाही. कॅननचा ५डी मार्क २ आला २००८ मध्ये, २१.१ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी ७डी आला, १८ मेगापिक्सेलचा. दोघांना एकच एलपी-ई६ बॅटरी, दोघांना कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) दोघांचाही १०० ते ६४००, वजन ८१० आणि ८२० ग्रॅम. म्हणजे खांद्यालाही फरक कळायचा नाही. तरी हे दोघं एकमेकांची कामं करायला गेले की चांगलेच तोंडघशी पडतात.

पायरी १ : सेन्सरचं गणित एकदाच करून टाका

५डी मार्क २ चा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. यालाच फुल फ्रेम म्हणतात. ७डीचा २२.३ बाय १४.९ चा, म्हणजे क्रॉप सेन्सर. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या अडीच पटींहून मोठा. मोठ्या परातीत पावसाचं पाणी जास्त जमतं, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त जमतो. त्यामुळे अंधारात ५डी मार्क २ साधारण सव्वा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) पुढे राहतो. त्याच्यावर आयएसओ ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, जवळपास तेवढे ७डीवर १२५०-१६०० लाच दिसू लागतात.

आता हेच गणित उलटं मांडा. तीच ४०० मिलिमीटरची लेन्स दोघांवर लावली, तर ७डीच्या चौकटीत तेवढंच दिसतं जेवढं फुल फ्रेमवर ६४० ची लेन्स लावून दिसेल. "क्रॉप काय, नंतर कापूनही मिळतो," असं कोणीतरी म्हणतंच. मिळतो, पण ५डी मार्क २ चा फोटो तेवढाच कापला तर २१ पैकी जेमतेम ८ मेगापिक्सेल उरतात. ७डीत त्याच जागेत पूर्ण १८ असतात. लांबच्या पक्ष्याच्या डोळ्यावर दुपटीहून जास्त पिक्सेल पडणं, ही काही कागदावरची गोष्ट नाही.

पायरी २ : तुमचा ढीग आणि कॅमेरा समोरासमोर ठेवा

पक्षी, वन्यजीव, खेळ, म्हणजे लांबच्या आणि हललेल्या फोटोंचे ढीग. इथे मी फार घोळ घालणार नाही, ७डी घ्या. हे मी अनुभवाने शिकलो. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, पहाटेच्या नावेत बसलो होतो. हातात मित्राकडून मागून आणलेला ५डी मार्क २. रोहित पक्षी उडायच्या आधी पाण्यावर काही पावलं धावतात, पाय पडतील तिथे पाणी उसळतं. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. ५डी मार्क २ सेकंदाला ३.९ फोटो काढतो. माझ्याकडे आठ फोटो आले. दोनांत पाय पाण्यात बुडालेले, तीनांत पक्षी हवेत पोचलेला, उरलेल्यांत फोकस मागच्या बाभळींवर. धावतानाचा, पाऊल पाण्यावर टेकलेला, एकही नाही. शेजारच्या काकांकडे ७डी होता, सेकंदाला आठ फोटोंचा. त्यांच्या कॅमेऱ्याचा तो टकटकाट ऐकूनच मला कळलं होतं की माझा दिवस गेला.

वेगाएवढंच महत्त्व फोकसला आहे. ७डीचे एकोणीसही फोकस पॉइंट क्रॉस प्रकारचे आहेत, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. ५डी मार्क २ चे दिसणारे पॉइंट नऊ आणि त्यातला मधला एकच क्रॉस. कडेचे पॉइंट दिवसाउजेडी ठीक चालतात. संध्याकाळी ते चाचपडू लागतात, लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि पक्षी निघून जातो.

मंगल कार्यालय, घरातले समारंभ, माणसांचे चेहरे, म्हणजे अंधारातला ढीग. इथे पारडं ५डी मार्क २ कडे झुकतं, पण लोक समजतात तेवढं सरळ नाही. पिवळ्या दिव्यांखाली नवरीचा शालू आणि कातडीचा रंग यांचं त्याने केलेलं काम आजही जुनं वाटत नाही. ८५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स (एफचा आकडा लहान, म्हणजे लेन्सचं भोक मोठं) लावली की मागचा खुर्च्यांचा, पंख्यांचा पसारा विरघळून जातो. ७डीवर तीच लेन्स १३६ सारखी वागते, आणि कार्यालयात तेवढं मागे सरकायला जागा कुठे असते? पाठीला पंगतीतले आजोबा लागतात. ७डीवर त्या जागी ५० एफ १.८ लावायची. स्वस्त आहे, ८० सारखी वागते, मागचा भाग थोडा कमी विरघळतो एवढंच.

पण वरातीत किंवा हळदीच्या नाचात, माणसं अंगावर येत असताना, मला ७डीच जास्त भरवशाचा वाटतो. थोडा दाणेदार पण फोकसमधला फोटो घरचे अल्बमात लावतात. गुळगुळीत पण आउट ऑफ फोकस फोटोचं कोणी काय करणार? ५डी मार्क २ वर काम करायचं असेल तर एक सवय लावून घ्या: मधला पॉइंट, फोकस मागच्या एएफ-ऑन (फोकस सुरू करणाऱ्या) बटणावर, आणि चौकट नंतर जुळवायची. आणखी एक फरक पैशांचा. ५डी मार्क २ ला अंगचा फ्लॅश नाही. ७डीला आहे, आणि त्यातून दूर ठेवलेला स्पीडलाइट (वेगळा फ्लॅश) बिनतारी पेटवता येतो. ५डी मार्क २ घेणाऱ्याने फ्लॅशचा खर्च वेगळा धरावा.

डोंगर, किल्ले, कासचं पठार. ट्रायपॉड असेल आणि आयएसओ १०० असेल तर दोन्ही चालतात. मोठे प्रिंट काढणार असाल किंवा रात्रीचं आकाश टिपणार असाल तर ५डी मार्क २ घ्या. मात्र त्याची एक खोड माहीत असू द्या: काळ्या सावल्या संगणकावर फार उजळल्या की त्यात आडवे-उभे पट्टे उमटतात. कोकणकड्यावरून सूर्यास्त काढताना कड्याची सावली नंतर वर ओढायचा बेत असेल, तर तो सोडा. उजेडाचा आणि सावलीचा असे दोन वेगळे फोटो काढून जोडा.

व्हिडिओ. दोन्हींवर फुल एचडी होतो. ५डी मार्क २ सुरुवातीला सेकंदाला फक्त ३० फ्रेमचाच होता, २४ आणि २५ फ्रेम २०१० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) आल्या. तेव्हा घेताना फर्मवेअर जुनं तर नाही ना, ते बघा. आपल्याकडे ट्यूबलाइटच्या लहरी टाळायच्या तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवायचं. ७डीत ७२० या कमी रिझोल्यूशनवर ५० फ्रेम मिळतात, स्लो मोशनला बरे पडतात. दोन्हींना माइकसाठी भोक आहे, हेडफोनसाठी नाही. आणि एक क्लिप साधारण बारा मिनिटांत थांबते. अख्खं कीर्तन रेकॉर्ड करायचं असेल तर दोन्ही नकोत.

पायरी ३ : लेन्सचा हिशेब आधी, बॉडीचा नंतर

पहिल्यांदा ५डी मार्क २ हातात आला त्या दिवशी मी घरून जुन्या कॅमेऱ्याची १८-५५ किट लेन्स मोठ्या ऐटीत घेऊन गेलो होतो. ती बसेचना. दहा मिनिटं फिरवत बसलो, शेवटी दुकानातल्या पोराने हळूच सांगितलं, "दादा, पांढरा चौकोन आहे बघा. लाल टिंब पाहिजे."

तेच लक्षात ठेवा. पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, फक्त क्रॉपसाठी. लाल टिंब म्हणजे ईएफ, दोन्हींवर चालते. ७डीवर दोन्ही खुणा असतात, ५डी मार्क २ वर फक्त लाल. सिग्माच्या डीसी किंवा टॅमरॉनच्या डीआय २ लेन्स फुल फ्रेमवर बसतील, पण कोपरे काळे येतील.

याचा खिशावर परिणाम होतो. रुंद दृश्यासाठी ७डीवर ईएफ-एस १०-१८ लावली की १६ सारखं दिसतं, आणि ती लेन्स हलकी नि परवडणारी आहे. ५डी मार्क २ वर तसंच दिसायला १७-४० एफ ४ एल सारखी लेन्स लागते, ती महागात जाते. म्हणून कागदावर बॉडी अधिक दोन लेन्स अशी बेरीज करा. नुसत्या बॉडीच्या किमतीवर सौदा ठरवला की दुसऱ्या महिन्यात कपाळाला हात लागतो.

पायरी ४ : दोन्ही हातात घेऊन तीन चाचण्या करा

एक ईएफ लेन्स (५० एफ १.८ पुरे) आणि आपलं स्वतःचं कार्ड घेऊन जा. दोन्ही कॅमेरे रॉवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलवर) ठेवा.

पहिली चाचणी काळ्या छत्रीची. ट्यूबलाइटखाली खुर्चीवर मिटलेली काळी छत्री ठेवा, आयएसओ १६०० आणि ३२०० ला एकेक फोटो काढा. छत्री दोन्ही चौकटीत सारखीच मोठी दिसेल एवढं पुढे-मागे सरका, नाहीतर तुलना खोटी पडते. घरी आल्यावर दोन स्टॉप उजळून घड्या वेगळ्या दिसतात का ते बघा.

दुसरी, स्कूटरची. मित्राला गल्लीच्या टोकापासून तुमच्याकडे सावकाश यायला सांगा. एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा मोड) लावा, नंबरप्लेटवर फोकस धरा, बटण दाबून ठेवा. किती फोटोंत नंबर वाचता येतो ते मोजा. ७डीला इथे फर्मवेअर २.० असलं पाहिजे, २०१२ मध्ये आलं. त्याने सलग रॉ फोटो १५ वरून २५ वर गेले.

तिसऱ्या चाचणीला फोटो काढायचाच नाही. नुसता व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. ७डीत कडेपर्यंत सगळं, १०० टक्के दिसतं. ५डी मार्क २ मध्ये ९८ टक्के, पण चित्र मोठं आणि मोकळं, खिडकीत उभं राहिल्यासारखं. चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच बघावं. मला विचाराल तर ५डी मार्क २ च्या प्रेमात पडायला एवढी एक खिडकी पुरते. तेच धोक्याचंही आहे, कारण पक्ष्यांचे फोटो काढायला आलेला माणूस इथेच घसरतो. सुरुवातीला लक्षात ठेवलेला ढीग आठवा.

पायरी ५ : समोरची बॉडी तपासा

एकदा मॉडेल ठरलं की प्रश्न त्या एका नगाचा. दोन्हींचं शटर दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत आतापर्यंत किती क्लिक झाले हा आकडा फोटोतच लिहिलेला असतो, या दोघांत नसतो. लॅपटॉपला केबलने जोडून एखाद्या प्रोग्रॅममधून बघावा लागतो. विकणारा "फोटो पाठवतो, ऑनलाइन चेक करा" म्हणाला तर त्याला हे सांगा.

कार्डाचा कप्पा उघडून टॉर्च मारा. आत बारीक पिनांच्या रांगा दिसतील. एक जरी वाकलेली असेल तर तिथूनच परत फिरा, आडवं कार्ड खुपसल्याची ती खूण आहे. मग एफ २२ ला (लेन्सचं भोक अगदी लहान करून) आभाळाचा फोटो काढा. धुळीचे ठिपके दिसले तर साफ होतात, फांदीसारखी शेवाळी नक्षी दिसली तर ती बुरशी असू शकते. लेन्सच्या काचेतही टॉर्च टाकून तीच नक्षी शोधा. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेतला माल असेल तर हे न चुकता करा.

मेनूत बॅटरी इन्फो नावाचं पान आहे. तिथे उरलेला चार्ज टक्क्यांत दिसतो आणि खाली बॅटरीच्या प्रकृतीच्या पट्ट्या. तीन हिरव्या असतील तर उत्तम, एक लाल असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. नकली बॅटरी असेल तर हे पान नीट भरतच नाही.

रबर सुटलं असेल, कोपरे झिजले असतील तर घाबरू नका, घासाघीस करा. मात्र आपटल्याची खूण माउंटच्या (लेन्स बसते त्या) गोल पट्टीजवळ असेल तर नको.

पायरी ६ : घरी आणल्यावर

सेटिंग सगळी पुसून मूळपदावर आणा. आधीच्या मालकाच्या सवयी कस्टम फंक्शनमध्ये दडलेल्या असतात, आणि आपण महिनाभर "कॅमेऱ्याचं असं का होतंय" म्हणत बसतो.

मग वर्तमानपत्र भिंतीला तिरकं टेकवा, ट्रायपॉडवरून मधल्या एका ओळीवर फोकस करा, लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या. तीच ओळ सगळ्यात ठसठशीत आली तर काही करू नका. पुढची किंवा मागची ओळ ठसठशीत आली तर दोन्ही कॅमेऱ्यांत एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट आहे, वीस घरं पुढे, वीस मागे. दोन-दोन घरं सरकवत पाच-सहा फोटोंत बसतं. प्रत्येक लेन्सचा आकडा वेगळा येतो. तो लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुन्हा कधी कस्टम फंक्शन पुसलीत तर हे अॅडजस्टमेंट बंद होतं, ते परत चालू करा.