‘ताई, तुमचा ताशेवाला दमूनच नाही राहिला’ : हौशी संगीतरचना स्पर्धेत उतरणाऱ्या नवख्यांसाठी

हार्मोनियमची मध्यमा पूर्ण, आणि त्यानंतर पंधरा वर्षं एका पतसंस्थेत हिशेब. एवढ्या भांडवलावर मी संगीतरचनेच्या स्पर्धेत उतरले. पहिल्याच स्पर्धेत दुसरा नंबर आला, आणि तो कसा आला हे सांगायला मला आजही लाज वाटते.

विषय होता ‘पाऊस’. मतदान सगळ्यांसाठी खुलं होतं. मी लिंक माहेरच्या ग्रुपवर टाकली, सासरच्या टाकली, सोसायटीच्या टाकली. एकसष्ट मतं पडली. नंतर पाहिलं तर माझी रचना ऐकली गेली होती एकोणीस वेळा, त्यातल्या पाच-सहा वेळा माझ्याच फोनवरून. अकोल्याच्या मावशीचा फोन आला, “मत देऊन टाकलं व माय, पण ते गाणं कुठी ऐकाचं असते?” प्रमाणपत्र कपाटात आहे. त्या स्पर्धेतून मला माझ्या रचनेबद्दल एक शब्दही कळला नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने बक्षीस किती हे विचारण्याआधी मत कोण देतं हे विचारावं. बाहेरच्यांची मतं मोजणारी स्पर्धा ओळखीपाळखीची असते. जिथे भाग घेणारेच एकमेकांचं ऐकतात, लिहून अभिप्राय देतात आणि मग मत देतात, तिथे जा, मग तिथे तेराच माणसं का असेनात.

आम्ही तेराच आहोत. नागपुरात लक्ष्मीनगरातल्या एका गच्चीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसतो. अजनीच्या रेल्वे कॉलनीतले निवृत्त काका बासरी वाजवतात. इंजिनियरिंगचे दोन पोट्टे आहेत, त्यांना कीबोर्डपेक्षा माऊस जास्त येतो. एक फिजिओथेरपिस्ट आहे, एक शाळेतल्या बाई, आणि इतवारीतला एक भाऊ, जो धुमालात ताशा वाजवतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते : धुमाल म्हणजे आमच्याकडच्या वराती-मिरवणुकांतलं ते वाद्यपथक, जे गल्लीत शिरलं की घरातली भांडी आपोआप वाजायला लागतात.

नियम असे. एक तारखेला विषय जाहीर होतो. वीस तारखेच्या रात्रीपर्यंत अडीच मिनिटांच्या आत बसणारी रचना द्यायची. रचनेवर रचनाकाराचं नाव नसतं, फक्त आकडा. पुढच्या आठवड्यात उरलेल्या बाराही रचनांवर लिहून अभिप्राय द्यायचा, आणि तो दिला नाही तर तुमची रचना मतदानातून बाहेर. मग पहिली, दुसरी, तिसरी पसंती : तीन, दोन, एक गुण. स्वतःला मत नाही. (नावं लपवली तरी काकांची बासरी पहिल्या चार सेकंदांत ओळखू येते. तरीही लपवतोच. निदान बाकीच्यांचं भलं होतं.)

सॉफ्टवेअरवर मी फार लिहिणार नाही, कारण नवखे लोक तिथेच सहा महिने घालवतात. स्वरलिपी लिहायची सवय असेल तर म्यूझस्कोर फुकट आहे, फोनवर बँडलॅब चालतं, रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं. जे हाताशी आहे त्यात दोन मिनिटांचं काहीतरी पूर्ण करा.

आता मारबत.

माझा या गटातला तो दुसराच महिना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत (हे मोठे पुतळे असतात) निघते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक मागे धावतात, बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, नाचतात. १८८० च्या दशकापासूनची प्रथा. विषय जाहीर झाला तेव्हा मला वाटलं, हा तर माझ्या अंगणातला विषय. माझं माहेर जरी अकोल्याकडचं असलं तरी लग्नानंतर दरवर्षी मी महालातल्या नणंदेच्या गॅलरीतून मिरवणूक पाहते. मी ताशे घेतले, ढोल घेतले, गर्दीचा आवाज घेतला, मध्ये घोषणा टाकली आणि दोन मिनिटं वीस सेकंद दणका उडवून दिला. तेरापैकी नऊ जणांनी नेमकं हेच केलं होतं. विषय ऐकल्यावर डोक्यात आलेली पहिली कल्पना बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात आलेली असते, हे मला तिथे कळलं. आता मी पहिली कल्पना कागदावर लिहून खोडते. दुसरीही खोडते. तिसरीपासून विचार करते.

अभिप्राय आले. चौघांनी ‘एनर्जी छान’ असं लिहिलं होतं. एकाने ‘मस्त’. शाळेतल्या बाईंनी लिहिलं, “विषय वाचून मारबत कळली, ऐकून वरात वाटली.” हे लागलं. आणि ताशेवाल्या भावाने, ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे आणि जो व्हॉइस मेसेज पाठवतो, तो म्हणाला, “ताई, तुमचा ताशेवाला दमूनच नाही राहिला.”

मला आधी राग आला. कॉम्प्युटरवरचा ताशा आहे, तो कशाला दमेल? दोन दिवस मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. मग रचना उघडून पाहिली. मिडीमध्ये (कॉम्प्युटरवर सूर-ठोके नोंदवायची पद्धत) प्रत्येक ठोका किती जोरात वाजला यासाठी १ ते १२७ असा आकडा असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. माझ्या ताशाचा प्रत्येक ठोका १०० वर होता. शेकडो ठोके, सगळे १००. शिवाय प्रत्येक ठोका ग्रिडच्या रेषेवर काटेकोर बसवलेला. खरा वादक भाद्रपदाच्या त्या उकाड्यात तासन्‌तास वाजवतो. डावा हात आधी दुखतो, ठोका किंचित मागे पडतो, मग कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करतं, पुन्हा जोर येतो. बाईंना जी वरात वाटली आणि भावाला जो न दमणारा माणूस ऐकू आला, ते एकच दुखणं होतं. मारबतीत थकवा असतो. वर्षभराची पीडा खेचत नेऊन जाळायची असते. माझ्या रचनेत फक्त आनंद होता, तोही प्लास्टिकचा.

मी त्या महिन्यात अकरावी आले. जिंकली ती फिजिओथेरपिस्टची रचना. तिच्यात ताशा नव्हताच. मिरवणूक निघून गेल्यावर झाडणाऱ्या खराट्याचा आवाज आणि त्यावर हार्मोनियमचा एकच लांबलेला षड्ज. मी तिला तिसरी पसंती दिली होती, कारण मला वाटलं होतं, यात मेहनत कुठे आहे? आज विचाराल तर पहिली देईन.

अभिप्राय लिहायचा कसा, हे इथूनच शिकले. ‘छान’ लिहू नका. सेकंद लिहा. “०:४८ ला बासरी आल्यावर माझं लक्ष ढोलावरून उडालं आणि परत आलंच नाही” हे वाक्य रचनाकाराच्या हातात काहीतरी ठेवतं. मला काय ऐकू आलं, कुठे जीव रमला, कुठे फोनकडे हात गेला, एवढंच प्रामाणिकपणे लिहिलं तरी पुरे. संगीतातलं ज्ञान नसलेल्या माणसालाही हे जमतं, किंबहुना त्याला जास्त चांगलं जमतं. एक मोह मात्र टाळा : “इथे सारंगी टाक ना.” तुम्ही सारंगी टाकली की ती तुमची रचना झाली. आवाज फाटतोय, उजव्या बाजूला काही ऐकूच येत नाही, शेवट कापला गेलाय, असे तांत्रिक दोष खुशाल थेट सांगा. त्यात कोणाचं मन दुखावत नाही.

आणि घेताना? चोवीस तास गप्प. माझ्या वहीत हे मोठ्या अक्षरात आहे, तरी मी ते मोडते. एखाद्याने दाखवलेला दोष खरा असतो, पण त्याने सांगितलेला उपाय बहुधा त्याच्या आवडीचा असतो. मागे एकदा तिघांनी माझ्या रचनेतल्या १:०५ वर बोट ठेवलं. एक म्हणाला ताल बदल, दुसरा म्हणाला तिथून आवाज कमी कर, तिसऱ्याला स्वर खटकत होता. तिघांचेही उपाय मी केले नाहीत. मी १:०५ च्या आधीचे आठ सेकंद काढून टाकले. घोळ तिथे होता.

मतदानाबद्दल नवख्यांच्या मनात फार भाबडेपणा असतो, माझ्याही होता. वाटायचं, चांगलं असेल ते जिंकेल. पण मतं मोजायची पद्धत बदलली की विजेता बदलतो. समजा, तेरा जणांनी फक्त एकेक मत दिलं आणि ‘अ’ रचनेला पाच मिळाली, ‘ब’ ला तीन, बाकी विखुरली. ‘अ’ जिंकली. आता तीन-दोन-एक लावा. ‘अ’ ला पाच पहिल्या पसंती आणि नंतर काहीच नाही : पंधरा गुण. ‘ब’ ला तीन पहिल्या आणि आठ दुसऱ्या : नऊ अधिक सोळा, पंचवीस. अशा पसंतीक्रमाच्या गुणांची कल्पना फ्रान्सच्या बोर्दा नावाच्या गणितज्ञाने १७७० मध्ये मांडली होती. गंमत अशी की या पद्धतीत कोणालाच न खटकणारी रचना वर येते आणि पाच जणांना वेड लावणारी मागे पडते. म्हणून निकाल पाहताना मी बेरीज नंतर पाहते. आधी पाहते की पहिली पसंती कोणी दिली का. एकाच माणसाने दिली असली तरी त्याला गाठून विचारते, का दिलीस?

आवाजाची पातळी हाही एक जुना डाव. दोन रचनांत जी किंचित मोठ्याने वाजते ती आपल्याला चांगली वाटते. कानाची रचनाच तशी आहे. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. पोट्ट्यांपैकी एक सुरुवातीला रचना इतकी दाबून मोठी करायचा की काकांनी विचारलं, “काहून बे, बहिरे समजतो का आम्हाला?” आता सगळ्या रचना उणे सोळा लफ्सला (LUFS, आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणूनच ऐकायला देतो. मोजायला यूलीनचं फुकट मीटर पुरतं. ऐकतानाही एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या फोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर ढोलाचा खर्ज गायब होतो आणि उरलेलं उघडं पडतं.

क्रमाचंही तसंच. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, तरी उशिरा वाजवणाऱ्यांना वरचा नंबर मिळण्याकडे कल दिसला, असं निकालांचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. आमच्याकडे उलटं व्हायचं. पहिल्या रचनेला दहा ओळी अभिप्राय आणि तेराव्याला “छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा.” दमलेल्या माणसाकडून दुसरं काय येणार! आता प्रत्येकाला यादी वेगळ्या क्रमाने मिळते, आणि एका बैठकीत चारपेक्षा जास्त ऐकायच्या नाहीत असं आम्ही ठरवलंय. पाळतात किती ते विचारू नका.

मतं मात्र शेवटपर्यंत झाकून ठेवा. २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. अनोळखी बँडची ४८ गाणी १४,३४१ लोकांना ऐकवली. काहींना आधीच्या श्रोत्यांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल याचा अंदाज बांधणं अवघड झालं. आमच्या तेरांत तर कोणाला दोन मतं पडलीत एवढं कळलं तरी तर्रीपोह्यांच्या टपरीवर चर्चा सुरू होते.

वर्षभरात मी एकदाही जिंकले नाही. झिरो माइलच्या (नागपुरातला तो जुना मैलाचा दगड) विषयात चौथी आले, ती माझी मजल. पण बारा महिने दर महिन्याला बारा रचनांवर लिहिल्यामुळे झालं असं की स्वतःची रचना ऐकताना मला आता बाकीच्यांचे आवाज ऐकू येतात. इथे काका उसासा टाकतील. इथे बाई विचारतील, हे कशाला? इथे ताशेवाला भाऊ काहीच बोलणार नाही, म्हणजे जमलंय.

गेल्या महिन्याचा विषय होता ‘मे महिन्याची दुपार’. पारा पंचेचाळीसवर, आणि रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद. नवरा वाळ्याच्या ताट्यांसमोर टॉवेल घेऊन बसला होता. दर पाच मिनिटांनी विचारायचा, “झालं का? लावू का?” शेवटच्या टेकला त्याने न विचारताच लावला. मला पुन्हा वाजवायचं त्राण नव्हतं, तसंच पाठवून दिलं. या वेळी व्हॉइस मेसेज नव्हता, भावाने चक्क टाइप केलं होतं : “१:५२ ला मागे कूलर चालू झाला. तो राहू द्या, ताई. बाकीचं काढा.”