रनिंगचा मॅप वेडावाकडा येत होता, तो असा सरळ केला

लोअर परळच्या टॉवर्समधून पळालं की जीपीएस घड्याळातला रूट चक्क बिल्डिंगमधून गेलेला दिसायचा आणि पेस (पळायचा वेग) मधेच भलताच फास्ट. होतं असं की सॅटेलाइटचा सिग्नल उंच भिंतींवर आपटून जरासा उशिरा पोचतो, मग घड्याळ अंतर चुकीचं धरतं. सेटिंगमध्ये जाऊन ड्युअल बँड लावलं, म्हणजे जीपीएसच्या नेहमीच्या एल१ फ्रिक्वेन्सीसोबत ११७६.४५ मेगाहर्ट्झची एल५ पण वापरली जाते, त्यात असे आपटून आलेले सिग्नल वेगळे काढणं सोपं जातं, आणि रेकॉर्डिंग दर सेकंदाला केलं. बॅटरी जास्त खातं पण रूट रस्त्यावर आला ना!! निघायच्या आधी मोकळ्या जागी थांबून सिग्नल पक्का होऊ द्या, हे खरंच फार महत्त्वाचं आहे.

बायको फोन घेऊन पळते, तिच्या मॅपवर मधेच लांबलचक सरळ रेघ यायची कारण स्क्रीन बंद झाली की फोन बॅटरी वाचवायला ॲपच झोपवायचा. त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं, रेघ गेली. आणि हो, ४०० मीटरच्या ट्रॅकवर पळत असाल आणि घड्याळात ट्रॅक मोड असेल तर तोच लावा, लेन नंबर टाकून.