आर्क्टिकच्या बोटीवर पक्षी बघायला जायचंय? आधी धुपदाळला जावा

परवा खानापूरच्या एका मित्राचा फोन आला, नॉर्वेच्या वर ती स्वालबार्ड बेटं आहेत न्हवं, तिथं बोटीनं फिरवून प्राणी-पक्षी दाखवतात ते आपल्यासारख्याला जमतंय काय, पैसे साठवलेत पण सुरुवात कुठनं करू? त्याला सांगता सांगता तास गेला, म्हणून सगळं इथं लिहून ठेवतो, निपाणी चिकोडी बेळगावकडच्या कुणालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नुसत्या पांढऱ्या अस्वलासाठी जाऊ नका, पक्ष्यांसाठी जावा. अस्वल दिसलं तर नशीब, आणि दिसलं तरी १ जानेवारी २०२५ पासून तिथला कायदा असा आहे की अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. एवढ्या लांबनं ते बर्फावर पिवळसर ठिपक्यासारखं दिसतंय, चांगली दुर्बीण नसेल तर तेही नाही. हा नियम मला पटतो, कारण जनावराच्या मागं बोट लावली की त्याची शिकार हुकते, आणि तिथं एक शिकार हुकणं म्हणजे मोठं नुकसान. पक्ष्यांचं तसं नाही. कड्यावरचे पक्षी उन्हाळ्यात तिथंच असतात, हजारांनी असतात, ते दिसणारच.

म्हणून तारीख पक्ष्यांवरनं ठरवा. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य ही माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ, कडे भरलेले असतात, सूर्य मावळतच नाही, समुद्रावर बर्फही बऱ्यापैकी असतो. ऑगस्टमध्ये बर्फ मागं सरकतो, बोट तिथल्या मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालू शकते, पण तोवर कडे रिकामे व्हायला लागतात. जून-जुलै ही आपल्याकडं नेमकी भाताच्या रोप लावणीची वेळ असते, ज्याचं शेत आहे त्यानं घरात आधीच बोलून ठेवा.

बोट छोटी घ्या. किनाऱ्यावर एका वेळी साधारण शंभरच माणसं उतरवतात, त्यामुळं बोटीत १८० जण असतील तर अर्धे उतरतात आणि अर्धे आपली पाळी यायची वाट बघत बसतात. संरक्षित भागात तर २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीला आता परवानगीच नाही. बुक करायच्या आधी दोनच प्रश्न विचारा, किती प्रवासी आणि पक्ष्यांचा जाणकार गाईड आहे काय. खर्च आठ-दहा दिवसाला माणशी पाच लाखाच्या आसपास सुरू होतो, विमान वेगळं. विम्यात समुद्रातनं हेलिकॉप्टरनं उचलून न्यायचा खर्च धरलाय का तेवढं नीट वाचून घ्या.

आता कागदपत्रं. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, पण वाट ओस्लोवरनं जाते आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, म्हणजे तुम्ही नॉर्वेत शिरणार, बाहेर पडणार आणि परत शिरणार. म्हणून शेंगेन व्हिसा डबल एन्ट्रीचाच मागा, सिंगल मिळाला तर परतीला पंचाईत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः जावं लागतंय. आपल्या भागातल्या माणसाची खरी अडचण वेगळीच. शेतीचा उतारा जोडणार असाल तर तो कन्नडात असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि आधारवर बेळगावी, २०१४ ला गावाचं नाव बदललं हे लांबच्या ऑफिसरला कुठनं माहीत असणार, म्हणून अर्जासोबतच्या पत्रात तसं एक वाक्य लिहून टाकलं, पुढं काही त्रास झाला नाही.

लाँगइअरब्येन या गावातनं बोट सुटते, तिथं किमान एक दिवस आधी पोचा. माझी बॅग विमानवाल्यांनी मागं ठेवली होती आणि बोट कुणासाठी थांबत नाही. बॅग दुसऱ्या दिवशी आली म्हणून निभावलं. गरम कपड्यांचा एक जोड, औषधं, दुर्बीण, कॅमेरा हे सगळं हातातल्या बॅगेतच ठेवा.

जायच्या आधीचा सराव हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तोच लोक सोडतात. दुर्बीण ८x४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, १०x नको, बोट हलते, जास्त ताकदीच्या दुर्बिणीत चित्र थरथरतं. मग थंडीच्या दिवसात गोकाकजवळ धुपदाळच्या बंधाऱ्यावर पहाटे जावा, करकोचे आणि बदकं येतात, हातमोजे घालून दुर्बीण डोळ्याला लावायची आणि उडणारा पक्षी पकडायचा, शंभर वेळा करा. हातमोज्यात फोकसचं चाक फिरवणं पहिल्या दिवशी जमत नाही. बेळगावजवळ राकसकोपच्या जलाशयावर नदीसुरय हा पक्षी सूर मारताना बघत बसा, कारण तिकडचा आर्क्टिक सुरय त्याचाच भाऊबंद. आणि एकदा चोर्ला घाटानं गोव्याला उतरून दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर चार फेऱ्या मारा, हलत्या बोटीवर पाय फाकवून, कोपर छातीला टेकवून उभं राहायची सवय तिथं होते.

कपडे सुती नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. अंगाला लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जुलैत तिथं ५-६ डिग्री असतं पण वारा हाडात शिरतो. वॉटरप्रूफ पँट मात्र चांगली घ्या, टू-व्हीलरच्या रेनसूटची पँट लगेच फाटते, आणि ती गमबुटाच्या बाहेरनं घालायची, आत खोचली की लाटेचं पाणी थेट बुटात. गमबूट बऱ्याच बोटींवर मिळतात, विचारून घ्या. खायला शेंगा चटणी आणि कडक भाकरी न्या, कुंदा नेऊ नका, दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आणा आणि बोट हलायच्या आधी घ्या, मी मळमळ सुरू झाल्यावर घेतली आणि समुद्रावरचा पहिला अर्धा दिवस गेला.

किनाऱ्यावर झोडियाकनं नेतात, म्हणजे हवा भरलेली रबरी बोट. चढता-उतरताना समोरच्याचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं, त्यानं तुमचं धरायचं, ओल्या हातमोज्यातनं पंजा निसटतो. उतरायच्या आधी आणि आल्यावर बूट जंतुनाशकात धुवायचे, बॅगेचे खिसे, वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी साफ करायचं. बर्ड फ्लूमुळं जमिनीवर बसू नका, गुडघा टेकू नका, बॅगही खाली ठेवू नका. शिंग, हाड, दगड काही उचलायचं नाही. १९४६ च्या आधीची माणसाची कुठलीही खूण तिथं कायद्यानं संरक्षित आहे, गंजका खिळासुद्धा.

हिनलोपेन सामुद्रधुनीतला आल्कफ्येलेट कडा तुमच्या रूटवर असेल तर त्या दिवशी झोपू नका. काळ्या दगडाचे उभे खांब, त्यांच्या प्रत्येक हातभर कपारीवर ब्रुनिक्स गिलिमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी खेटून उभे, ६०,००० च्या आसपास जोड्या. आधी वास येतो, शेणखताच्या ढिगासारखा, मग आवाज, मग वर बघितलं की आभाळ हलतंय असं वाटतं. एका पक्ष्यावर दुर्बीण लावा आणि तिथंच ठेवा. मी ठेवली तेव्हा माझ्या पक्ष्यानं जरा अंग सरकवलं आणि पायाखालचं अंडं दिसलं, घरटं नाहीच, नुसत्या दगडावर एकच निळसर अंडं, एका टोकाला निमुळतं. पिल्लू तीन आठवड्याचं झालं की नीट उडता येत नसतानाच खाली समुद्रात उडी टाकतं, आणि पुढं त्याला बाप सांभाळतो. तोंड मात्र वर बघताना मिटून ठेवा, हे खरंच सांगतो.

लाँगइअरब्येन गावाबाहेर आर्क्टिक सुरयाच्या घरट्याजवळ गेलात तर तो सरळ डोक्यावर चोच मारतो. काठी डोक्याच्या वर उभी धरा, तो सगळ्यात उंच टोकावर मारतो, आणि लगेच मागं फिरा, कारण तुम्ही त्याच्या अंड्याजवळ आहात. एवढासा जीव वर्षाला ७०,००० किलोमीटरच्या आसपास उडतो, अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत. डबक्यात गोल गोल फिरणारा फॅलारोप हा छोटा पाणपक्षी दिसला तर नीट बघा, त्यात मादी जास्त रंगीत आणि अंडी नर उबवतो, आपल्या तळ्यातल्या कमळपक्ष्यातही अंडी नरच उबवतो.

न्यी-आलेसुन्ड या संशोधकांच्या वस्तीला थांबलात तर फोन एअरप्लेन मोडवर, वायफाय-ब्लूटूथ बंद, तिथल्या संशोधनाच्या यंत्रांना त्रास होतो. आपल्या देशाचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथंच आहे, बाहेरनं का होईना बघून या, मला फार भरून आलं होतं.

कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत लगेच उतरतात. डेकवरनं केबिनमध्ये जाताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा आणि आत गेल्यावर तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. बेळगावात परत याल तेव्हा पाऊस लागलेला असणार, म्हणून दुर्बीण आणि लेन्स त्याच दिवशी पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, प्रवासाचा शीण म्हणून आठवडाभर बॅगेत राहिलं तर बुरशी धरलीच समजा.