आकडे झिजलेला आउटबोर्डचा पंखा: ओळख आणि किंमत

कोल्हापुरात भंगारात आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा, चार पात्यांचा पंखा मिळाला, पण त्यावरचे मापाचे आकडे झिजलेले. फोटोवरून कुणी ओळखेना, भंगारवाले किलोचाच भाव सांगत. वैताग आला होता.

जमलं ते असं. रॉकेलनं बुंधा (पाती जिथं जुळतात तो मधला भाग) पुसून त्यावर कागद धरला, पेन्सिल घासली. १३ × १९ उमटलं: आधी व्यास, मग पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर), दोन्ही इंचांत. केंद्रापासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर दुप्पट केलं, व्यास जुळला. मग बुंध्याच्या भोकातले, इंजिनाच्या दांड्यावर बसणारे दाते मोजले: १५. एवढ्यावर इंजिन ठरवू नका, दाते सारखे असले तरी गिअरकेस (पंखा ज्यावर बसतो ती इंजिनाची खालची गिअरपेटी) वेगळी असू शकते. चुंबक चिकटला, म्हणजे ॲल्युमिनियम किंवा पितळ नाही, स्टेनलेस. शेवटी पंखा सपाट फरशीवर ठेवून प्रत्येक पात्याच्या टोकाची उंची मोजली. एक पातं वाकलेलं निघालं. बुंध्यातलं रबर सुटलंय का तेही तपासलं. त्याच मापाच्या वापरलेल्या चांगल्या पंख्याच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत धरली.