पाय स्थिर, तरी गाडी हिसके देते?

अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा दाबलेला असूनही पेट्रोल गाडी आपोआप जोर धरते-सोडते? लगेच पार्ट बदलत बसू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा, इंजिन तापू द्या आणि फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, तो आकडा) बघा: आधी आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), मग २५०० आरपीएमला.

आयडलला ट्रिम +१० टक्क्यांच्या वर आणि आरपीएम वाढवताच उतरला, तर इंजिन कुठूनतरी जादा हवा ओढतंय. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) रबरी पाइप हाताने वाकवून बघा. घड्यांमधली चीर एरवी दिसतच नाही. व्हॅक्यूमचे बारीक पाइपही चाचपा.

उलट आरपीएमबरोबर ट्रिम चढला, तर मास एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा; असेल तर) किंवा पेट्रोलचं प्रेशर तपासा.

गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) फवारू नका, भडका उडू शकतो.