पडत्या काळात देवावर भार टाकायचा म्हणजे रोज काय करायचं

बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतं आणि लावलेलं भात कुजतं. निपाणीकडं दूधगंगा-वेदगंगा नद्या पात्र सोडतात. खासबागेत माग थांबतात, नाहीतर घरचं कर्तं माणूस दवाखान्यात पडतं. अशा वेळी ‘पांडुरंग बघून घेईल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तो बघून घेईपर्यंत सकाळी उठून आपण काय करायचं, हे सांगणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या संतपरंपरेत देवाची कृपा बहुतेक वेळा माणसाच्या हातून आलेली दिसते. दुष्काळात मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली. त्यासाठी बादशहानं त्यांना पकडलं, तेव्हा त्या धान्याचे पैसे बिदरला पोचवायला विठ्ठल विठू महार होऊन गेला, असं कथा सांगते. लोकांना अन्न मिळालं ते किल्ली हातात असलेल्या माणसाकडून, आणि दामाजी सुटले ते पैसे घेऊन गेलेल्या माणसामुळं. म्हणून भार टाकणं म्हणजे दार उघडं ठेवणं. अडचण झाकून, कडी लावून बसलेल्या घरात मदत शिरायची कुठून?

पहिल्या दिवशी वही घ्या. डाव्या पानावर या महिन्यात चुकवता न येणारं तेवढंच लिहा: औषधं, धान्य, संघाचा (बचत गटाचा) किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता, फी. धान्य मोजून लिहा. चार मोठ्या माणसांना दिवसाला साधारण दीड किलो ज्वारी-तांदूळ लागतो, म्हणजे महिन्याला ४५ किलो. डब्यात किती आहे, रेशनचं किती येईल, उरलेलं कुठून आणायचं, ते पुढं मांडा. ‘आता कसं व्हायचं’ या भीतीला तळ नसतो, १५ किलोच्या तुटीला असतो. देवाकडं मागायचं तेही असंच नेमकं मागा.

उजव्या पानावर कुणाकडून काय आलं ते रोज लिहा. शेजारणीनं दिलेलं पायलीभर तांदूळ, मेव्हण्यानं भरलेलं वीजबिल, कुणी गाडीवरून दवाखान्यात सोडलं तेसुद्धा. उसनं काय आणि दिलेलं काय, याची खूण तिथंच करा. पुढं फेडताना गोंधळ होत नाही. आणि महिन्यानं ते पान वाचलं की देव कुठून कुठून आला ते तारखेसकट दिसतं.

आता नामाबद्दल. हा भाग घाईनं उरकू नका. दिवेलागणीला अर्धा तास काढा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हणा. ज्याला पाठ नाही त्यानं टाळ धरावा, नाहीतर नुसतं बसावं. एकट्यानं करायचं तर ‘राम कृष्ण हरि’ची १०८ मण्यांची एक माळ पाच-सात मिनिटांत होते. अडचणीच्या दिवसांत मनातल्या मनात जप बहुधा टिकत नाही, कारण मन आधीच हिशोबात गुंतलेलं असतं. ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल असा म्हणा. मध्येच तुटला तर मोजणी पहिल्यापासून सुरू करू नका, तिथूनच पुढं चला. रोज अकरा माळा ठरवून चौथ्या दिवशी सोडण्यापेक्षा एक माळ महिनाभर चालू ठेवलेली बरी.

रात्री दोन-तीनला जाग येते, ती वेळ सगळ्यात कठीण. तेव्हा पडून राहू नका. उठा, तोंडावर पाणी मारा, भिंतीला टेकून बसा आणि एक माळ करा. त्या वेळी कर्जाचा हिशोब करायचा नाही आणि निर्णय तर मुळीच घ्यायचा नाही. जमीन विकायची की नाही, हे सूर्य उगवल्यावर घरातल्या दोघांनी बसून बोलायचं. जीव नकोसा वाटायला लागला तर एकटं राहू नका. घरच्या कुणालातरी उठवा आणि १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो. फोनवर बोलणारा माणूसही देवानंच पाठवलेला आहे असं समजा.

प्रार्थना कोरडी वाटली, राग आला, तर तो दाबू नका. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाशी उघड भांडण केलेलं आहे. देवळात जाऊन आपल्या बोलीत, जसं येईल तसं बोला. दुःख पापामुळंच आलं असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. दुष्काळात तुकोबांची बायको आणि मुलगा गेला. त्यांच्यापुढं असा हिशोब मांडायची कुणाची छाती आहे?

चुकतं कुठं, तेही सांगायला हवं. पहिली चूक खर्चाच्या नवसाची. सौंदत्तीला किंवा जोतिबाला कर्ज काढून जाणं, बोकड बोलणं, मोठं जेवण कबूल करणं, याची परतफेड पुढं देवाऐवजी सावकाराला होते. नवस बोलायचाच असेल तर बिनखर्चाचा बोला: अकरा एकादश्या, महिनाभर काकड आरतीला हजेरी, देवळाची झाडलोट. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर उपास सोडून नाम वाढवा. गावदेवीची लक्ष्मीयात्रा नेमकी त्याच वर्षी आली तर पंचमंडळींना आधीच सांगा की यंदा फक्त ओटी भरू, पाहुणे बोलावणार नाही. दोन दिवस वाईट वाटेल, पण पाच वर्षं हप्ते भरावे लागणार नाहीत.

दुसरी चूक औषध थांबवण्याची. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका.

तिसरी चूक दुसऱ्याच्या हिश्शाचा त्याग करण्याची. तुकोबांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हातात ठेवला, असं सांगतात. देवावर भरवसा ठेवून मोठं पाऊल टाकायचं तर ते आपल्या पैशानं टाकावं, बायकोच्या दागिन्यांवर तिला न विचारता नव्हे.

चौथी चूक हक्काचं न मागण्याची. कारखान्याला ऊस घातल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजाचीही तरतूद आहे. पीकविमा असेल आणि स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागतं. म्हणून पाणी ओसरायची वाट न बघता बांधावरूनच फोटो काढा. मायक्रोफायनान्सवाल्यांना वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. दमदाटीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकात २०२५ पासून वेगळा कायदा आहे. दारात येऊन शिव्या देत असतील तर दोन शेजाऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जा. अर्ज कन्नडमध्ये भरावे लागतात, त्याला संकोचू नका. गल्लीतल्या कन्नड येणाऱ्या पोराला किंवा शेजारच्या अण्णांना सोबत न्या. पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी कानडाच म्हटलं आहे. मदत कानडीत आली म्हणून ती परकी होत नाही.

मागताना कसं मागायचं? मोघम रडगाणं नको. ‘मामा, अठरा तारखेला इंजेक्शन आहे, दोन हजार कमी पडतात, भात मळल्यावर देतो,’ असं सांगा. रक्कम, कारण आणि परतीची वेळ, तिन्ही सांगितलं की समोरच्याला हो म्हणणंही सोपं जातं आणि नाही म्हणणंही. नाही म्हणाला तर त्याच्याशी अबोला धरू नका, त्याचीही काही अडचण असेल.

मागत असतानाच द्यायचंही चालू ठेवा. स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला टाका. मूठ साधारण ५० ग्रॅमची, महिन्याला दीड किलो होतं. ते देवळातल्या अन्नदानाला किंवा आपल्याहून अडलेल्या घरी द्या. तुटीच्या महिन्यात अर्धी मूठ चालेल, पण रोजची सवय मोडू नका. सतत घेत राहिल्यानं माणूस आतून खचतो, आणि ही मूठ त्याला सावरते.

अडचणीतल्या घरी तुम्ही जाणार असाल तर ‘देवाची इच्छा’ म्हणून चहा पिऊन उठू नका. जाताना पाच किलो तांदूळ न्या, पोरांना दोन दिवस आपल्याकडं जेवायला बोलवा, जमिनीचा पहाणी उतारा आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून द्या.

सुगी झाली, उसाचं बिल आलं, की उजवं पान काढून फेडायला लागा. ज्यांच्या घरात तुमच्याहून कमी आहे त्यांचं उसनं पहिल्या आठवड्यात परत करा, आणि पायली तांदूळ आणला असेल तर तो पायलीला थोडा चढता भरून द्या.